सहाच कपडे आत न्या

एका वेळी सहा. हा घ्या बिल्ला, सहाचा.
सातवा माझ्यापाशी राहील, पळून जात नाही.
अकरा वर्षं मी या पडद्यांपाशी उभी आहे,
व्हायलाच्या मॉलमध्ये, किल्ल्या करणाऱ्याच्या समोर,
तेव्हा विचारलंत म्हणून सांगते.

आकड्यावर जाऊ नका.
गेल्या वर्षीचा चौदा यंदा बारा झालाय,
बाई तीच आहे, कारखाना बदललाय.
खांदा बसला की बाकीचं जमवून घेता येतं.
बाही उलटी करून काखेतली शिवण ओढा,
टाक्यांनी दात दाखवले तर ठेवून द्या.
पंचवीसला तीन टी-शर्ट: त्यातला काळा
पहिल्या धुण्यात राखाडी होतो, निळा टिकतो.
का, ते मला विचारू नका.

पांढरं घेऊ नका. म्हणजे घ्या,
पण दोरीवर घालण्याआधी वारा कुठून येतोय ते बघा.
पोलादाच्या भट्टीकडून आला
तर संध्याकाळी तुमच्याकडे गुलाबी शर्ट असेल.

चौकड्यांचे फ्लॅनेल एप्रिलमध्ये येतात,
उकाडा हटलेला नसतो, कुणी हात लावत नाही.
तेव्हाच घ्या. जूनमध्ये मेंढ्या कातरणारे येतात
आणि मोठ्या मापाचं एकही उरत नाही.
कॉलिन तर एकदम चार नेतो, चारही सारखे.
त्याच्या शेजाऱ्यांना वाटतं, बिचाऱ्याकडे एकच शर्ट आहे.

आणि लाल चिठ्ठी. ती मंगळवारी लागते.
चाळीसचे तीस, तीसचे वीस, मग बारा.
ज्याला दम आहे त्यानं…

थांबा, त्याचंच सांगायचं होतं.

मारिसेल म्हणून एक मुलगी,
वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची, हंगामी.
दर गुरुवारी पगार झाला की यायची,
एकच कपडा घेऊन आत:
पिवळा सुती झगा, दोन खिशांचा, माप दहा.
मी बिल्ला द्यायची, एकचा.
आतून आवाज नाही. पडद्याखालून फक्त पाय दिसायचे,
आणि आरशासमोर कधीतरी
दोन्ही टाचा हळूच उचललेल्या.
मग बाहेर येऊन झगा माझ्या हातात,
नीट घडी घालून. "पुढच्या आठवड्यात," म्हणायची.

नियमात बसत नाही, पण मी तो लपवला.
पुरुषांच्या रेनकोटांमागे, तिथे कुणी फिरकत नाही.
आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो,
चहाही न घेता जातो.
झगा तीसचा झाला. वीसचा झाला.
ब्रॉडी, आमचा मॅनेजर, वय तेवीस,
मोजणीत एक नग कुठे गेला म्हणून
दोन रात्री यादी घेऊन बसला. मी त्याला कॉफी करून दिली.
बाराचा झाला त्या गुरुवारी ती आली नाही.
पुढच्याही नाही.

सहाव्या गुरुवारी आली, केस कापलेले.
मी रेनकोट बाजूला सारून झगा काढला,
जणू वाढदिवस माझाच होता.
तिनं अंगाला लावला, दाराशी उजेडात नेला.
"थोडा विटलाय का हो?" म्हणाली.
मग, "मी पक्की झाले कामावर.
तो नवीन हिरवा आलाय ना, पंचेचाळीसचा? तो बघते."

हिरवा शोभला तिला. खरं ते सांगावं.
टाचा मात्र या वेळी जमिनीवरच होत्या.

तर लाल चिठ्ठीची वाट जरूर बघा,
स्वतःसाठी. दुसऱ्यासाठी बघू नका.
पिवळा? तो मीच घेतला, बारा डॉलरला.
दहा मला दंडाशीच अडकतो.
मागच्या अंगणात दोरीला टांगलाय,
खिशांत चिमटे ठेवते, बरे मावतात.
भट्टीच्या वाऱ्यानं आता नारिंगी झालाय,
आणि वारा सुटला की सगळ्यांत आधी तोच
दोरीवर टाचा उचलतो.

बरं, किती आणलेत? सात दिसतात.
द्या इकडे तो एक.